पाणथळ जागा सांभाळायची तर: पहिल्यांदाच या कामात उतरणाऱ्यांसाठी

पाणथळ जागा वाचवायची असं ठरलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. तळं खोल करायचं, काठाला दगड लावायचे, भोवती झाडं लावायची आणि वर्षभर पाणी तुडुंब ठेवायचं. हेतू चांगला असतो, कष्टही खरे असतात. पण हे सगळं पार पडलं की हजारो किलोमीटरवरून येणाऱ्या पाणपक्ष्यांपैकी बहुतेकांना तिथे उतरायलाच जागा उरत नाही. तुतारी, चिखल्या, शेकाट्या, पाणटिवळे, उथळ पाण्यात चरणारी बदकं या सगळ्यांना हवं असतं घोट्याएवढं पाणी, ओला चिखल, मोकळा काठ आणि वर्षभरात वर-खाली होणारी पातळी. या लेखात पातळीबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे. ते जमलं तर बाकीची निम्मी कामं आपोआप मार्गी लागतात.

आपली जागा 'पाणथळ' म्हणण्याजोगी आहे का, अशी शंका असेल तर ती सोडून द्या. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाणथळ जागेची व्याख्या फार ऐसपैस ठेवली आहे. नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, कायम पाणी असलेली असो वा हंगामी, पाणी गोडं असो वा खारं, सगळं तिच्यात बसतं. समुद्रालगत ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेलं पाणीही बसतं. म्हणजे भातखाचरं, मिठागरं, धरणाच्या फुगवट्याचा उथळ भाग आणि पावसानंतर चार महिने पाणी धरून नंतर कोरडी पडणारी सखल जमीन, सगळी त्यात आली. शेवटची तर सगळ्यात दुर्लक्षित, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने बरेचदा सगळ्यात मोलाची.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. स्थलांतर करणारा पक्षी आपल्याकडे पाहुणा म्हणून येत नाही, तो खायला येतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उपग्रहाला जोडलेलं यंत्र बसवलेला पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा अलास्काहून निघाला आणि कुठेही न थांबता सुमारे १३,५६० किलोमीटर उडून अकरा दिवसांनी टास्मानियात उतरला. तेव्हा तो अवघ्या पाच महिन्यांचा होता. अशा प्रवासाचं इंधन म्हणजे चरबी. निघण्याआधी काही जातींचे पक्षी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात. ही चरबी जिथे साठते ती जागा म्हणजे चिखल आणि त्यातल्या अळ्या, गोगलगाई, किडे. चिखल गेला तर उड्डाणच होत नाही, किंवा अर्धवट राहतं.

आधी एक वर्ष नुसतं बघा

नव्या माणसाला हे जड जातं, पण पहिलं वर्ष फावड्याला हात लावू नका. पाणथळ जागेला ऋतूंची एक लय असते आणि ती एका भेटीत कळत नाही.

सर्वांत खोल भागात एक खांब रोवा, त्यावर सेंटिमीटरच्या ठळक खुणा करा आणि दर आठवड्याला पाणी कुठवर आहे ते तारखेसह लिहून ठेवा. ही वही पुढे तुमच्या सगळ्या निर्णयांचा आधार होईल. काठावरच्या तीन-चार जागा ठरवून दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच दिशेला फोटो काढा. उपग्रहाची जुनी छायाचित्रं इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यांतून कोरड्या आणि ओल्या काळात पाण्याची कड कुठे होती, कुठला ओढा बुजला, कुठे भराव पडला हे दिसतं.

मग माणसांशी बोला. मासेमारी करणारे, गुरं चारणारे, गवत कापणारे, काठावर शेती करणारे यांना पाणी कुठून येतं, कुठून जातं आणि कुठल्या वर्षी काय झालं हे कुठल्याही अहवालापेक्षा नेमकं ठाऊक असतं. 'पूर्वी इथे काय दिसायचं आणि आता काय दिसत नाही' हा प्रश्न जरूर विचारा.

पक्ष्यांची नोंद करताना जातीचं नाव पुरेसं नाही. तो काय करत होता आणि नेमका कुठे, हेही लिहा. चरत होता, झोपला होता, घरट्यावर होता की नुसता वरून गेला? कित्येक बदकं दिवसभर उघड्या पाण्यावर विसावतात आणि अंधार पडला की आसपासच्या शेतांत किंवा दलदलीत खायला जातात. तुम्ही फक्त दुपारी बघाल तर 'इथे बदकं राहतात' एवढंच कळेल, 'ती जेवतात कुठे' हे कळणार नाही. जेवायची जागा तुमच्या हद्दीबाहेर असेल तर तिचीही काळजी घ्यावी लागेल.

जमीन कुणाची, पाणी कुणाचं

या दोन प्रश्नांची उत्तरं बरेचदा वेगळी असतात. जमीन एका खात्याची, पाणी दुसऱ्याचं, मासेमारीचा हक्क तिसऱ्याचा, असं दिसलं तर घाबरू नका, ते नेहमीचंच आहे. कागद बघा, हद्द समजून घ्या, जागेला कायद्याचं काही संरक्षण आहे का ते तपासा. लेखी परवानगी नसताना बांध फोडणं, वनस्पती उपटणं, बेट रचणं यांतलं काहीही करू नका. हेतू कितीही चांगला असो, त्याने काम अडकतं आणि लोकांचा विश्वास जातो.

पाण्याची पातळी: खरं काम इथे आहे

कुठला पक्षी कुठे चरतो हे त्याच्या पायांची आणि चोचीची लांबी ठरवते. छोट्या तुतारी आणि चिखल्यांना ओला चिखल किंवा फार तर चार-पाच सेंटिमीटर पाणी लागतं. शेकाट्या, पाणटिवळे यांसारखे लांब पायांचे पक्षी वीतभर पाण्यापर्यंत जातात. चक्रांग, थापट्या, तलवार बदक ही बदकं बुडी न मारता, शेपटी वर करून डोकं पाण्यात घालून खातात. त्यांची पोच साधारण पंचवीस-तीस सेंटिमीटर. त्याहून खोल पाणी बुडी मारणाऱ्या बदकांचं, पाणकावळ्यांचं आणि टिबुकल्यांचं. म्हणजे तळं सगळीकडे दोन मीटर खोल केलं की या यादीतले बहुतेक पाहुणे एका फटक्यात बाद होतात.

आता उताराचं गणित बघा. काठाचा उतार एकास वीस असेल, म्हणजे वीस मीटर चालल्यावर एक मीटर खोली येत असेल, तर पाणी दहा सेंटिमीटरने उतरलं की दोन मीटर रुंदीचा ओला पट्टा उघडा पडतो. तळ जवळजवळ सपाट, एकास शंभर असेल तर तोच पट्टा दहा मीटरचा होतो. आणि दगडी पिचिंग केलेला एकास दोनचा काठ असेल तर फक्त वीस सेंटिमीटर. पाणी तेवढंच उतरलं, पण चरायला मिळालेल्या जागेत पन्नास पटींचा फरक पडला. जमिनीचा उतार हा पक्ष्यांच्या ताटाचा आकार आहे.

पाणी उतरण्याचं महत्त्व फक्त जागा उघडी पडण्यापुरतं नाही. तळ उघडा पडतो तेव्हा गाळात हवा शिरते, साठलेला पालापाचोळा कुजून त्यातली पोषक द्रव्यं मोकळी होतात. चिखलात निद्रिस्त पडलेलं बी उगवतं. लव्हाळे आणि एका हंगामात वाढून बी धरणाऱ्या कितीतरी वनस्पती वर येतात. मग पुन्हा पाणी चढलं की ती बुडालेली झाडोरी कुजते आणि तिच्यावर लाल अळ्या, पाणकिडे, गोगलगाई यांचं अमाप पीक येतं. बदकांना बी मिळतं, चिखलपक्ष्यांना अळ्या मिळतात. मोठे मासे कोरड्या काळात टिकत नाहीत, त्यामुळे किडे आणि बेडकांची पिल्लं त्यांच्या तोंडून वाचतात. वर्षानुवर्षं एकाच पातळीला अडवलेलं पाणी हळूहळू निकस होत जातं. हंगामी तळं उन्हाळ्यात सुकलं म्हणून हळहळून टँकरने पाणी ओतणारे लोक असतात. त्यांना हे शांतपणे समजावून सांगावं लागतं.

तुमच्या हातात पाण्याचं दार असेल तर पुढीलप्रमाणे करा.

एकावर एक ठेवता येतील अशा फळ्यांचं साधं दार उत्तम. एका फळीची उंची पाच ते दहा सेंटिमीटर ठेवली तर पातळी बेताने उतरवता येते. लोखंडी झडप चालते, पण ती उघडली की पाणी भसकन जातं आणि मग कुणाला थांबवता येत नाही.

पाणी उतरवण्याची वेळ चिखलपक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या काळाशी जुळवा. हा काळ तुमच्या पहिल्या वर्षाच्या वहीतच असेल. उतरवायचं ते हळू, आठवड्याला काही सेंटिमीटर. घाईने उतरवलं तर चिखल उन्हात तडकतो, कडक होतो, अळ्या मरतात किंवा खोल जातात आणि चोच आत शिरत नाही. हळू उतरवलं तर रोज थोडी नवी, ताजी कड उघडी पडते आणि पक्षी आठवडेच्या आठवडे तिच्याबरोबर सरकत जातात.

विणीच्या काळात मात्र पातळीला हात लावू नका. शेकाट्याचं घरटं पाण्यालगत जेमतेम उंचीवर असतं, टिबुकलीचं तर तरंगतं. अचानक पाणी चढलं तर अंडी बुडतात. अचानक उतरलं तर कुत्री आणि कोल्हे चालत घरट्यापर्यंत पोचतात.

जागा मोठी असेल आणि बांधाने दोन-तीन भाग पडत असतील तर सगळ्यांना एकाच वेळी एकच वागणूक देऊ नका. एक भाग भरलेला, एक उतरता, एक कोरडा, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल. कोरडं पाडणं दरवर्षी करावंच असंही नाही. वनस्पती आणि गाळ बघून ठरवा.

तुमच्या हातात दार नसेल, पाणी पावसाने येतं आणि उन्हाने जातं अशी जागा असेल, तर तुमचं काम एका अर्थाने सोपं आहे. ती लय कुणी बिघडवू नये एवढंच बघायचं. गाळ काढण्याची मागणी आली तर सरसकट विरोध करू नका, पाण्याची गरज लोकांनाही असते. गाळ आधीच खोल असलेल्या भागातून काढा, उथळ कड आणि सपाट भाग तसाच सोडा, आणि सगळं काम एकाच वर्षात उरकू नका, अशी तडजोड बरेचदा मान्य होते. काढलेला गाळ काठावर ढिगाने टाकू देऊ नका. पहिल्या मोठ्या पावसात तो परत आत येतो, शिवाय तोवर उथळ कड गाडली गेलेली असते.

पाण्याचं येणं-जाणं बिघडलं की काय होतं आणि सुधारलं की काय होतं, दोन्हीची मोठी उदाहरणं आहेत. ओडिशातल्या चिलिका सरोवराचा समुद्राशी असलेला संबंध गाळाने आक्रसत गेला, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली. १९९३ मध्ये रामसर कराराच्या धोक्यातल्या जागांच्या यादीत त्याचं नाव गेलं. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडण्यात आलं, खारं पाणी पुन्हा खेळू लागलं, मासळी परतली, आणि २००२ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आलं. इस्रायलमधलं हुला खोरं १९५० च्या दशकात शेतीसाठी कोरडं केलं गेलं. उघडी पडलेली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची जमीन खचली, पेटली, धुळीने उडू लागली. शेवटी १९९४ मध्ये त्याचा एक भाग पुन्हा पाण्याखाली आणला. आज स्थलांतराच्या काळात तिथे हजारो क्रौंच उतरतात.

काठ मोकळा ठेवा

काठावर झाडं लावण्याचा मोह फार मोठा असतो. वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरवायला सोपा, फोटोही छान येतात. पण उघड्या चिखलावर चरणाऱ्या पक्ष्याला चहूकडे दूरवर दिसायला हवं असतं. झाडांची रांग उभी राहिली की तिच्यावर शिकारी पक्षी टपून बसतात, आणि चिखलपक्षी त्या बाजूला फिरकत नाहीत. जुनी झाडं असतील तर ती राहू द्या. बगळे, पाणकावळे, चित्रबलाक तिथे वसाहत करतील. नवी लावायचीच असतील तर पाण्यापासून दूर, एका कोपऱ्यात, गटाने लावा. गवताळ माळ आणि पाण्याच्या मध्ये काहीही नसणं हीसुद्धा एक अधिवासाची गरज आहे.

दगडी पिचिंग, सिमेंटचा पदपथ, कठडा, दिवे यांना जमेल तितका विरोध करा. आधीच झालं असेल तर एखाद्या बाजूला तरी मातीचा सौम्य उतार परत मिळवता येतो का पाहा.

बेटं उपयोगी असतात, विशेषतः रात्रीच्या मुक्कामासाठी आणि सुरय, शेकाट्या यांच्या विणीसाठी. ती ठेंगणी, पसरट, कडेला सौम्य उताराची असावीत, वर वाळू किंवा बारीक खडी असावी आणि झाडझाडोरा नसावा. काठापासून इतकी दूर की मधलं पाणी उतरल्यावरही कुत्र्याला चालत जाता येणार नाही. एक उंच डोंगरवजा बेट करून त्यावर झाड लावण्यापेक्षा चार बुटकी उघडी बेटं कितीतरी बरी.

पाणकणीस, जलपर्णी आणि गुरं

दाट पाणकणसाचं रान म्हणजे वाईट, असं नव्हे. पाणकोंबड्या, वटवटे आणि अनेक लाजरे पक्षी तिथेच राहतात. प्रमाण महत्त्वाचं. साधारण निम्मं उघडं पाणी आणि निम्मी वनस्पती, आणि तीही एका बाजूला एकगठ्ठा नको, पाण्यात तुकड्यातुकड्यांनी मिसळलेली हवी. अशा ठिकाणी सर्वांत जास्त प्रकारचे पक्षी आढळतात.

पाणकणीस हटवायचं तर मुळं खणत बसू नका. फुलोऱ्याच्या सुमारास, कंदातला साठा सर्वांत कमी असताना, देठ पाण्याखाली कापा. कापलेलं टोक पाण्याखालीच राहिलं पाहिजे, कारण कंदाला हवा त्या पोकळ देठातूनच मिळते. वर तुटका खुंट राहिला तर तो तगून जातो. एका वर्षी एक तुकडा, सगळं रान एकदम नको.

जलपर्णीची गोष्ट वेगळी. ती दिसताच काढा, पहिलं झाड दिसलं त्याच दिवशी. अनुकूल पाण्यात तिचा पसारा दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो आणि बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. काढलेली जलपर्णी काठावर टाकू नका, पाणी पोचणार नाही इतकी दूर न्या. आणि ती पुन:पुन्हा येत असेल तर वर कुठेतरी सांडपाणी शिरतंय हे समजा. ते न थांबवता दरवर्षी मोहिमा काढणं म्हणजे माणसं थकवणं. तणनाशकाच्या वाटेला मात्र जाऊ नका. मेलेली झाडं पाण्यातच कुजतात, प्राणवायू संपतो, मासे मरतात.

चराईबद्दल भरतपूरच्या केवलादेवचा धडा प्रत्येकाने वाचावा असा आहे. १९८२ मध्ये तिथे गुरं-म्हशींच्या चराईवर बंदी घातली गेली. संघर्ष झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. त्यानंतर म्हशी जे गवत खाऊन आटोक्यात ठेवत होत्या ते पाण्यावर माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या तिथल्या दीर्घ अभ्यासातून निष्कर्ष निघाला की चराईबंदीने पाणपक्ष्यांचं नुकसानच झालं. त्यामुळे 'गुरं हटवा' हे वाक्य तोंडातून काढण्याआधी ती गुरं नेमकं काय करतात ते बघा. विणीच्या भागात ठरावीक महिने चराई नको, बाकी काळ चालेल, असा करार गुराख्यांबरोबर बसून करा. तुम्ही नसता तेव्हा तिथे तेच असतात. जाळं लावणारा कोण आणि कुत्री सोडणारा कोण, हे त्यांनाच आधी कळतं.

पाणी कसं आहे

उथळ पाण्याच्या दोन अवस्था असतात. एकात पाणी नितळ असतं, तळाशी वनस्पती डोलत असतात, त्या गाळ धरून ठेवतात आणि म्हणून पाणी नितळ राहतं. दुसरीत पाणी हिरवट-गढूळ असतं, सूर्यप्रकाश तळाला पोचत नाही, वनस्पती मरतात, गाळ मोकळा होतो आणि म्हणून पाणी गढूळ राहतं. पहिलीतून दुसरीत घसरणं सोपं, परत येणं महाकठीण. ढकलणारे दोन मुख्य हात म्हणजे सांडपाणी आणि खतांतून येणारा फॉस्फरस-नायट्रोजन, आणि तळ उकरणारे कार्पसारखे बाहेरून सोडलेले मासे.

काळी-पांढरी रंगवलेली थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते महिन्यातून एकदा लिहा. एवढी साधी मोजणीसुद्धा घसरण वेळेवर दाखवते. पाणी आत येतं त्या तोंडाशी गवत-लव्हाळ्याचा रुंद पट्टा राखा, तो गाळ आणि खतं बऱ्यापैकी अडवतो. नळाने येणारं सांडपाणी मात्र गवताच्या पट्ट्याने सुटत नाही. तो प्रश्न उगमाशीच, स्थानिक प्रशासनाकडे, चिकाटीने मांडावा लागतो.

त्रास कमी करा

पक्षी उडाला की पाहणाऱ्याला आनंद होतो, पण त्या उड्डाणात त्याने कमावलेली चरबी खर्च होते. दिवसातून दहा वेळा उठवलेला थवा दुसरीकडे जातो, किंवा अशक्त होऊन पुढच्या प्रवासाला निघतो. सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या गोष्टी म्हणजे मोकाट कुत्री, काठाला लागून चालणारी माणसं, बोटी आणि ड्रोन. छायाचित्रकारांचाही त्यात समावेश करावा लागतो. त्यांच्याशी प्रेमाने पण ठाम बोला.

पायवाट पूर्ण काठाने फिरवू नका, एका बाजूला ठेवा. उरलेला काठ माणसांविना राहिला पाहिजे. बघायला एक आडोसा बांधा, त्याला पाठीमागून झाकलेली वाट करा. सूर्य बघणाऱ्याच्या पाठीशी येईल अशी जागा निवडा. पक्ष्यांनी मान वर केली, हालचाल थांबवली, की ते अस्वस्थ झाले आहेत. तिथेच थांबा आणि दोन पावलं मागे या.

जवळून विजेच्या तारा जात असतील तर त्यांवर दिसतील अशी फिरणारी वा लटकणारी चिन्हं लावण्याची मागणी करा. धुक्यात आणि संध्याकाळी मोठे पक्षी तारांवर आदळतात. टाकून दिलेली जाळी आणि गळ प्रत्येक फेरीत गोळा करा. तुटकी जाळी पाण्यात वर्षानुवर्षं मारत राहते.

बाकीचे रहिवासी

बेडूक, चतुर, कासवं, पाणसाप, काही ठिकाणी पाणमांजर. यांच्यासाठी निराळं फार काही करावं लागत नाही, पण काही गोष्टी टाळाव्या लागतात. डासांसाठी गप्पी मासे सोडण्याची सूचना हमखास येईल. बाहेरून आणलेले हे मासे बेडकांची अंडी आणि लहान पिल्लं खातात. डासांच्या अळ्या खाणारी चतुरांची पिल्लं आणि पाणकिडे निरोगी तळ्यात आधीच असतात. मुख्य तळ्याजवळ मासे पोचणार नाहीत अशी छोटी, सुकणारी डबकी राखली तर बेडकांना मोठा आधार होतो. कासवांना ऊन खायला एखादं ओंडकं पाण्यात तिरपं पडू द्या. अंडी घालायला पुराच्या रेषेच्या वर मऊ, उघडी माती लागते, तिथे रस्ता होऊ देऊ नका.

पक्षी मरू लागले तर

उष्ण हवा, घटतं साचलेलं पाणी आणि प्राणवायूचा अभाव असला की बोट्युलिझम पसरू शकतो. मातीतला जिवाणू विष तयार करतो, पक्ष्याच्या पंखांतलं, पायांतलं, शेवटी मानेतलं बळ जातं. मेलेल्या पक्ष्यावरच्या अळ्यांत ते विष साठतं, त्या अळ्या खाऊन आणखी पक्षी मरतात, आणि चक्र वाढत जातं. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर याच कारणाने हजारो पक्षी मेले.

म्हणून मेलेले पक्षी लगेच उचलणं हाच पहिला उपाय आहे. पण उघड्या हातांनी नको. मरणाचं कारण बर्ड फ्लूही असू शकतं, आणि ते नुसतं बघून सांगता येत नाही. हातमोजे, मुखपट्टी, बूट घाला. पशुवैद्यकीय आणि वन खात्याला त्याच दिवशी कळवा, ते सांगतील तशीच विल्हेवाट लावा, आणि कुठे किती मेले हे नकाशावर मांडा. बघ्यांना दूर ठेवा.

मोजणी, आणि आकड्यांचा अर्थ

मोजणीची तारीख, वेळ आणि जागा दरवर्षी तीच ठेवा. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा डोळ्यांत बसवा, मग शंभराचा, आणि त्या मापाने थवा पुढे पुढे मोजत जा. दोघांनी वेगवेगळं मोजून मग ताडून बघा. काहीच दिसलं नाही तर 'शून्य' लिहा. कोरं पान आणि शून्य यांत फार फरक आहे, पुढच्या माणसाला त्यावरूनच कळतं की कुणी पाहायला गेलं होतं. त्याच पानावर त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहा. दोन-तीन वर्षांत कुठल्या पातळीला कुठले पक्षी येतात हे स्पष्ट दिसू लागेल आणि दार कधी उघडायचं हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

तुमची नोंद स्वतःजवळ ठेवू नका. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात भाग घ्या. ई-बर्डसारख्या खुल्या मंचावर नोंदी टाका. रामसर करारानुसार एखाद्या जागेवर नियमितपणे वीस हजार पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का तिथे येत असेल, तर ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. छोट्या तळ्यालाही दुर्मीळ जातीच्या बाबतीत हा एक टक्का गाठता येतो, पण तो सिद्ध करायला सलग वर्षांचे आकडे लागतात.

आणि आकडे घसरले तर लगेच आपल्या कामाला दोष देऊ नका. दक्षिण कोरियातल्या सॅमॅनगुम इथे ३३ किलोमीटरची समुद्रभिंत बांधून २००६ मध्ये भरतीचा विस्तीर्ण चिखल बंद केला गेला. तिथे थांबणारे ग्रेट नॉट हे तुतारीच्या कुळातले चिखलपक्षी शेजारच्या चिखलावर जाऊन निभावतील अशी आशा होती. तसं झालं नाही, त्या जातीची एकूण संख्याच घटली, आणि त्याचा परिणाम हजारो किलोमीटर दूर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या मोजणीत दिसला. तिथल्या मोजणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं. घसरण एकाच जातीत असेल तर त्याच मार्गावरच्या दुसऱ्या ठिकाणांचे आकडे मागवून ताडा. तिथेही घसरण असेल तर कारण वाटेत कुठेतरी आहे. तिथे घसरण नसेल आणि फक्त तुमच्याकडे असेल, तर पातळीची वही उघडा आणि त्या वर्षी पाणी कधी, किती आणि किती वेगाने उतरलं ते आधी पाहा.